मुंबई-न्यूयॉर्क : अंतर मोजायचं कुठून आणि कसं?

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा लावला, की पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. जायचंय पश्चिमेला आणि रेषा मात्र कमान घेत पार उत्तरेला चढलेली! पायलट लांबून नेतोय, अशी शंका येतेच. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणून बघा. तो आपसूक वर सरकतो आणि आइसलँडवरून जातो. हे अंतर सुमारे १२,५४० किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेल्या, इजिप्त-अल्जीरियावरून जाणाऱ्या रेषेने गेलात तर तेच १४,२०० किमीच्या घरात जातं.

भिंतीवरचा हा सपाट नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो, पण दोष त्याचा नाही. १५६९ सालचा त्याचा नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं, एवढंच त्यातून साधायचं होतं. तो वर्गाच्या भिंतीवर टांगून अंतरं दाखवणं हा नंतरचा उद्योग. गोलावरचं अंतर काढायचं एक सोपं सूत्र हॅवरसाइन या त्रिकोणमितीतल्या मापावर चालतं. त्या मापाची कोष्टकं जेम्स अँड्र्यूने १८०५ साली छापली. त्याच सूत्रावर आजही अनेक वेबसाइट चालतात.

पण सूत्राला पृथ्वीचा आकार हवा, आणि तो मोजायला माणसं उन्हातान्हात हिंडली. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळी अंथरून पहिली आधाररेषा, म्हणजे पुढच्या त्रिकोणांची मोजून घेतलेली पहिली बाजू, आखली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो पुढे सरकत राहिला. वीस वर्षं हेच काम. १८२३ साली तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने या मोजणीवरून ध्रुवांपाशी किंचित चपट्या पृथ्वीचे आकडे मांडले. भारताचे नकाशे दीर्घकाळ त्यांवरच बेतलेले होते.

इतर देशांनी आपापली मापं धरलेली, त्यामुळे एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नसत. जहाजाला ते चालून गेलं, उपग्रहावर विसंबणाऱ्या विमानाला चालेना. म्हणून १ जानेवारी १९९८पासून विमानवाहतुकीसाठी सगळीकडे डब्ल्यूजीएस-८४ ही पृथ्वीचा आकार आणि अक्षांश-रेखांश धरण्याची एकच पद्धत ठरली. विमानतळ तर काही किलोमीटर पसरलेला. मग मोजायचं कुठून? टर्मिनलच्या दारातूनही नाही, धावपट्टीच्या टोकावरूनही नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, साधारण मध्यावर. एकदा ठरला की तो सहसा हलवत नाहीत.

एवढं करूनही हाती येतो तो कागदावरचा आकडा. विमान वारा बघतं, कुणाचं आकाश खुलं आहे ते बघतं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे अंतर दोऱ्याने मोजलं तर सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून जायचं तेव्हा सुमारे १३,९०० किमी उडायचं. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून विमान नेलं. पल्ला झाला १५,३०० किमी, पण वारा पाठीशी होता. चौदशे किमी जास्त उडूनही ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं.