मूठभर छर्रे की एक गोळी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं होतं. त्याआधी वीस वर्षं, अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं होतं. त्यांचं लक्ष्य बटणाच्या दसपट मोठं होतं, ११ सेंटिमीटरची चकती. पण ती चकती जागेवर थांबत नाही. यंत्रातून सुटते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लांब जाते.

कुसाळेच्या हातात रायफल होती, राठोड यांच्या हातात एका बारात मूठभर छर्रे सोडणारी शॉटगन. दोन्ही बंदुकाच, पण दोघींमागचा विचार अगदी वेगळा आहे. रायफल म्हणते, नेम अचूक धर, बाकीचं मी पाहते. शॉटगन म्हणते, नेम थोडा चुकणारच, ती चूक मी भरून काढते. ‘पंप ॲक्शन शॉटगन जुनी झाली, आता रायफलीचा जमाना’ असं म्हणणारे आणि ‘जवळून शॉटगनसारखं काही नाही’ असं म्हणणारे यांचा वाद मी अनेकदा ऐकला आहे. दोघंही बहुतेक वेळा ताकदीबद्दल बोलतात. मला वाटतं, खरा प्रश्न ताकदीचा नाहीच. माणसाचा नेम किती चुकतो आणि लक्ष्य किती लांब आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी शॉटगनची ओळख करून घेऊ. बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाच्या खांद्यावर असते ती बहुधा बारा बोअरची दुनळी. बारा हा आकडा इंचांचा नाही आणि मिलिमीटरचाही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणूनच वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत. पंप ॲक्शन म्हणजे नळीखालची मूठ हाताने मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलली की नवं आत बसतं.

रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, गती गेली की आडवा होतो, तसंच हे. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीच्या नव्या नमुन्यांमध्ये साधारण १८ सेंटिमीटरमध्ये एक फेरी पूर्ण होते. गोळी सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने निघते, म्हणजे तिच्या फिरण्याचा वेग मिनिटाला तीन लाख फेऱ्यांच्या वर जातो. त्यामुळे लांबुडकी, टोकदार गोळी हवेत कोलांट्या न घेता टोक पुढे ठेवून जाते, आणि हवा तिला कमी अडवते. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीचा प्रभावी पल्ला ४०० मीटर मानला जातो, तो याच्याच जोरावर.

छर्रा हा साधा गोल मणी. त्याला फिरवून फायदा नाही आणि हवा कापायला टोकही नाही. इथे भूमितीचा एक नियम आडवा येतो. मण्याचा व्यास निम्मा केला तर वजन आठव्या हिश्श्यावर येतं, पण हवेला भिडणारं क्षेत्रफळ मात्र चौथ्याच हिश्श्यावर येतं. म्हणजे वजनाच्या मानाने हवेचा अडथळा दुप्पट झाला. मूठभर ज्वारी जोर लावून फेकली तरी अंगणातच पडते, आणि गोफणीतला गोटा त्याच हाताने शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जातो. बारीक छर्रे ज्वारीसारखे वागतात. मोठे थोडे गोट्यासारखे, पण थोडेच.

मोठा छर्रा घेऊ. बारा बोअरच्या ‘डबल ओ बक’ काडतुसात नेहमी ९ छर्रे असतात. प्रत्येक ८.४ मिलिमीटरचा आणि साधारण साडेतीन ग्रॅमचा. नळीतून ते सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात. नऊ जणांची ऊर्जा एकत्र मोजली तर ती अडीच हजार जूलच्या आसपास भरते. एम-१६ची एक गोळी १७०० ते १८०० जूल घेऊन निघते. ‘शॉटगन जास्त ताकदवान’ म्हणणारे इथेच थांबतात. पण ही ऊर्जा नऊ जणांत वाटलेली आहे, प्रत्येकाच्या वाट्याला २८० जूल. शिवाय ४० मीटरवर पोचेपर्यंत छर्ऱ्याचा वेग ३०० मीटरच्या आसपास उतरलेला असतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर घसरते.

आता पसरण्याचं गणित. अंदाजासाठी एक ढोबळ नियम आहे, दर मीटरला अडीच सेंटिमीटर. काडतूस कसं आहे आणि नळीचं तोंड किती आवळलेलं आहे त्याप्रमाणे हा आकडा बदलतो. पण तो धरला तर ५ मीटरवर वर्तुळ १२ सेंटिमीटरचं, २० मीटरवर अर्ध्या मीटरचं आणि ४० मीटरवर एक मीटरचं होतं. चित्रपटांत खोलीतल्या खोलीत बार काढला की अख्खी भिंत चाळण होते, ते खरं नाही. खोलीत छर्रे एका तळहाताएवढ्या जागेत जातात. तिथे नेम रायफलीइतकाच नीट धरावा लागतो. ४० मीटरपलीकडे मात्र नऊ छर्रे इतके विखुरतात की लक्ष्यावर किती लागतील हा नशिबाचा भाग होतो. या दोन टोकांमधला पट्टा हे शॉटगनचं खरं राज्य. मोठ्या छर्ऱ्यांसाठी तो जेमतेम पंधरा ते पस्तीस मीटरचा. चिंचोळा आहे, पण त्या पट्ट्यात तिला तोड नाही.

हे पहिल्या महायुद्धात दिसलं. खंदक म्हणजे वळणावळणाचा, जेमतेम दोन माणसं मावतील असा चर. लांब पल्ल्याच्या बोल्ट रायफली, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी ओढाव्या लागणाऱ्या, तिथे अडचणीच्या ठरत. १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्याने जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची विंचेस्टर मॉडेल १८९७ ही पंप ॲक्शन बंदूक खंदकात आणली. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेगच्या करारात अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना बंदी आहे, शॉटगन त्यात बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. शॉटगनसह पकडलेल्या कैद्यांना ठार मारण्याची धमकीही दिली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी तो दावा फेटाळला. पुढे १९४८ नंतर मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियातल्या, जंगलात ब्रिटिश तुकड्यांनी शॉटगन वापरल्या. गर्द झाडीत शत्रू दिसायचा तोच काही पावलांवर आणि क्षणभर.

मग आली ती घटना जी मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी जोडलेल्या, अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसमधल्या नॉर्मन हिचमन यांनी पायदळाच्या बंदुकीवर एक अहवाल दिला. त्यांचा निष्कर्ष असा: लढाईत रायफल वापरली जाते ती बहुतेक ३०० यार्डांच्या आत, आणि पट्टीच्या नेमबाजाचा नेमही प्रत्यक्ष लढाईत १०० यार्डांपर्यंतच समाधानकारक असतो. बंदूक अचूक आहे, चुकतो तो माणूस. तेव्हा बंदूक आणखी अचूक करून फारसं काही साधणार नाही. त्यापेक्षा एका चापात अनेक गोळ्या ठरावीक विखुरणीने गेल्या, तर माणसाची चूक काही अंशी भरून निघेल. हा शॉटगनचाच विचार होता, फक्त रायफलीच्या पल्ल्यासाठी मांडलेला. त्यातून ‘साल्वो’ नावाचे प्रयोग झाले. एका काडतुसात दोन-दोन, तीन-तीन गोळ्या बसवून पाहिल्या. हलक्या, छोट्या आणि वेगवान गोळीकडे अमेरिकी सैन्य वळलं त्यात या विचाराचा मोठा वाटा होता, आणि त्या वाटेवर पुढे एम-१६ उभी राहिली. आजची आधुनिक रायफल शॉटगनला हरवून आली असं आपण समजतो. तिच्या वंशवेलीत शॉटगनची कल्पना आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तरीही सैनिकाने पाठीवर काय न्यावं, हा हिशेब रायफलीच्याच बाजूने जातो. बारा बोअरचं एक काडतूस ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीच्या काडतुसाच्या सुमारे चौपट जड. रायफलीचं मॅगझिन ३० गोळ्यांचं, दोन-तीन सेकंदांत बदलता येतं. पंप बंदुकीत पाच ते आठ काडतुसं मावतात आणि ती एकेक करून भरावी लागतात. धक्का तर विचारूच नका. छर्ऱ्यांचा संवेग रायफलीच्या गोळीच्या तिपटीहून जास्त, तेवढाच खांद्यावर उलटा येतो. घाईत मूठ पुरती मागे ओढली नाही तर काडतूस अडकतं.

मग पंप टिकली कशामुळे? स्वयंचलित बंदुकीला पुढचं काडतूस आत घ्यायला आधीच्या स्फोटाचाच जोर लागतो. काडतूस मवाळ असेल तर ती अडून बसते. पंपला तो जोर हाताने मिळतो. त्यामुळे शिसं, रबर, अश्रुधूर, दाराची बिजागरी फोडून भुकटी होणारं काडतूस, काहीही घाला, ती चालते. याच सोयीमुळे ती पोलिसांकडे गेली.

या सोयीची दुसरी बाजू आपल्या देशात फार दुःखद रीतीने समोर आली. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवायला पंप बंदुकीतून ९ नंबरचे, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचे छर्रे वापरले गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात लहान मुलं होती. वर सांगितलेलं गणितच इथे लागू होतं. एका काडतुसात असे साडेचारशेच्या आसपास छर्रे. जवान कमरेखाली नेम धरेलही, पण वर्तुळाच्या कडेचा छर्रा कुठे जाईल यावर कुणाचाही ताबा नसतो, आणि दोन मिलिमीटरचा छर्रा पायाला जखम करतो तर डोळा कायमचा घेतो. चूक पोटात घेणारी बंदूक गर्दीवर रोखली की तो गुण राहत नाही. अशा कामाला हे शस्त्र अयोग्यच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत शॉटगन पुन्हा रणांगणावर आली, ती युक्रेनमध्ये. स्फोटकं लादलेले छोटे ड्रोन ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सैनिकावर झेप घेतात. रेडिओ लहरी गोंधळवून त्यांना पाडता यायचं. पण आता काही ड्रोन मागे काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक तार सोडत येतात, आदेश त्यातूनच मिळतात आणि त्यांना लहरींची गरजच नसते. अशा वेळी उरते ती बंदूक. ३० मीटरवरून आडव्या जाणाऱ्या ड्रोनवर रायफलीची गोळी पोचेपर्यंत तो मीटरभर सरकतो. छर्रे हळू असल्याने त्यांना पोचायला वेळ लागतो आणि ड्रोन अडीच मीटर सरकतो. म्हणजे शॉटगनवाल्याला नेम जास्त पुढे धरावा लागतो. पण त्याचा अंदाज दोन्ही बाजूंना वीतभर चुकला तरी चालतो, रायफलवाल्याचा चार बोटंही चालत नाही. राठोड यांची चकती आणि हा ड्रोन यांत गणिताच्या दृष्टीने फरक नाही.

मात्र प्रत्येक सैनिकाला रायफलीबरोबर आणखी एक तीन-साडेतीन किलोची बंदूक वाहायला लावणं कठीण. म्हणून २०२५ मध्ये युक्रेनने ५.५६ मिलिमीटरचं एक नवं काडतूस काढलं. नेहमीच्याच रायफलीतून सुटतं, पण गोळी अखंड न राहता तिचे तुकडे होऊन छर्ऱ्यांसारखे पसरतात. पल्ला ५० मीटरच्या आसपास. त्याचं नाव होरोशोक, म्हणजे वाटाणा. सैनिक एक मॅगझिन या काडतुसांनी भरून जवळ ठेवतो आणि आकाशात घरघर ऐकू आली की नेहमीचं काढून ते लावतो.