तीनशेपंधरा बोअर : लाकडी दस्त्याच्या रायफलीमागचा नियम

आपल्याकडे लाकडी दस्त्याची बोल्ट-ॲक्शन (दर गोळीआधी हाताने खिटी मागेपुढे करायची) रायफल निवडायची म्हणजे बहुतेक वेळा ‘तीनशेपंधरा’ला, म्हणजे .३१५ बोअरला, हो किंवा नाही म्हणायचे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनते आणि तिचे काडतूस पुण्याजवळ खडकीला. सर्वसाधारण परवानाधारकाला कोरी करकरीत मिळू शकेल अशी मोठ्या काडतुसाची रायफल कित्येक दशके हीच होती. ती चांगली की वाईट हा वाद शिकारी मंडळींत जुना आहे. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हाच बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे हेच माप, का? जगात कुठल्याही शिकाऱ्याने आपणहून पसंत केला नसता असा हा आकडा भारतीय परवान्यांवर ठाण मांडून कसा बसला?

मुळात हे काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतले. आठ मिलिमीटरची नळी, पन्नास मिलिमीटर लांबीचे पितळी कवच आणि बुडाला कड. त्या साम्राज्याचा आणि शिकारीचा संबंध इथे संपतो. पुढचे सगळे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारच्या भीतीतून घडले.

१८५७ नंतर सरकारला एका गोष्टीचा धसका होता. लष्कराच्या कोठारातून पळवलेले काडतूस खाजगी बंदुकीत बसले तर? १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक कोणी बाळगायची ते ठरवले. पण बंदूक परवान्याची आणि काडतूस चोरीचे, अशी जोडी जमू नये म्हणून बोअरवरच बंदी आली. मार्टिनी-हेन्री या त्याच बोअरच्या लष्करी रायफलीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० वर गदा आली. तेव्हा लंडनच्या बंदूक कारागिरांनी हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी .४६५, .४७०, .४७५ असे जवळपासचे नवे आकडे काढले. वाघ-गव्याला त्यांतला फरक कळण्यासारखा नव्हता. कोतवालाला मात्र तो कळत होता. .३०३ हे फौजेचे रोजचे काडतूस असल्यामुळे तेही खाजगी माणसाला वर्ज्य ठरले.

आता गंमत पाहा. .३०३ साठी बनलेली ली-एनफील्ड या फौजेच्या रायफलीची यंत्रणा हाताशी होती. ईशापूरचा रायफल कारखाना १९०४ चा आणि पुढची अनेक दशके तो याच रायफली बनवत होता. ऑस्ट्रियन काडतूस एकूण लांबीने .३०३ च्या जवळपास आणि त्यालाही बुडाला कड. म्हणजे बोल्ट, मॅगझिन, यंत्रसामग्री जवळजवळ तीच ठेवायची आणि नळी तेवढी बदलायची. शिवाय .३०३ चे कवच छप्पन्न मिलिमीटरचे. पन्नासच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) ते पुरते जातच नाही, बोल्ट मिटत नाही. फौजेची रायफल नागरिकाला विकता येईल पण फौजेचे काडतूस तिच्यात चालणार नाही, असा हा तोडगा. आधी बर्मिंगहॅमने आणि स्वातंत्र्यानंतर ईशापूरने तो वापरला. हरणाला काय लागते, रानडुकराला काय लागते, याचा विचार या निवडीत कुठेच नव्हता.

बोअर या शब्दाकडे आता थोडे थांबून पाहायला हवे, कारण परवान्याच्या कचेऱ्यांत निम्मे घोळ याच शब्दाने घातले आहेत. बारा बोअर म्हणताना बारा हे माप नव्हेच. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे वीस बोअर बारापेक्षा बारीक. पण .४१० बोअर म्हणताना तो इंचाचा अपूर्णांक होतो. रायफलीत पुन्हा दोन मापे. नळीच्या आत पीळदार खाचा असतात आणि खाचांमध्ये कंगोरे. कंगोऱ्यापासून कंगोऱ्यापर्यंत मोजले तर एक आकडा, खाचेपासून खाचेपर्यंत मोजले तर दुसरा. .३०३ हे कंगोऱ्यांचे माप आहे, तिची गोळी खरे तर .३११ च्या आसपास असते. .३१५ म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर, तेही कंगोऱ्यांचेच, आणि तिचीही गोळी त्याहून जाड. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारणाऱ्या शिकाऱ्याला बक्षीस मिळालेली प्रसिद्ध .२७५ रायफल हेही असेच एक नाव. काडतूस जर्मन सात मिलिमीटर, लंडनच्या दुकानदाराने ते इंचात लिहिले इतकेच.

इतका निसरडा शब्द कायद्याने पायाला घेतला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ चे नियम आले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीच्या पहिल्या प्रवर्गात प्रतिबंधित शस्त्रे आहेत. त्यात .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली आहेतच. शिवाय या दोन मापांचा लष्करी दारूगोळा ज्यात बसू आणि उडू शकतो अशी दुसऱ्या कुठल्याही बोअरची रायफलही आहे. पुढे .४१० मस्केटचा उल्लेख येतो. बाहेरच्या माणसाला तो विचित्र वाटेल, पण ईशापूरने .३०३ चीच नळी आतून गुळगुळीत करून पोलिसांसाठी एकबारी मस्केट बनवली होती, तिच्यासाठी हे कलम आहे. २०१६ च्या नवीन नियमांनीही हा गाभा हलवला नाही.

खरी कसोटी ‘बसू आणि उडू शकतो’ हीच आहे आणि ती समजायला सोपी आहे. .३०८ विंचेस्टर हे लष्करी ७.६२ चे जुळे भावंड, म्हणून ते प्रतिबंधित. .३०-०६ ची गोळी अगदी त्याच जाडीची, पण तिचे कवच त्रेसष्ट मिलिमीटरचे आणि लष्करी ७.६२ चे एक्कावन्नचे. म्हणून .३०-०६ खुली मानली जाते आणि पुढे ईशापूरनेही त्या बोअरची स्पोर्टिंग रायफल काढली. अडचण अशी की त्याच नियमात ‘७.६२ मिलिमीटर बोअर’ हे शब्दही सुटे उभे आहेत. मिलिमीटरची पट्टी लावली तर .३०-०६ देखील ७.६२ च भरते. मग कचेरीतल्या माणसाने कोणते वाक्यखंड धरायचे? प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय. अशा वेळी शंका आली की फाइल बाजूला पडते. आजोबांची .३०-०६ नावावर करून घेताना माणूस घाबरून .३१५ कडे वळतो तो इथे. माझ्या मते नियमाने नळीचा व्यास सोडून फक्त काडतुसाचे नाव लिहिले असते तर हा त्रास उरलाच नसता.

शेतकऱ्याला तर कायदा रायफलीपर्यंत येऊच देत नाही. १९५९ च्या कायद्याचे तेरावे कलम पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरून चालते आणि ती अपुरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची. कोकणात आजही शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीच्या बंदुका दिसतात त्या यामुळे. कारणात तथ्य आहे. रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते आणि वाडीला वाडी लागून असलेल्या मुलखात हा धोका मोठा आहे. पण भर पावसात दारू ठासून रानडुकरापुढे उभे राहणाऱ्याच्या जिवाचे काय, याचा हिशेब त्या कलमात नाही.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण दुकानात हात आधी तिथेच जातो. मौझर पद्धतीच्या रायफलीला नळीच्या पुढच्या भागापासून खांद्यापर्यंत एकसंध लाकूड असते. ली यंत्रणेत ते दोन तुकड्यांत असते आणि मागचा दस्ता एका लांब बोल्टने लोखंडी खोबणीत आवळलेला असतो. तीनशेपंधरा हातात घेतली की प्रथम एका हाताने ती खोबण धरावी, दुसऱ्याने दस्ता, आणि पिळून पाहावे. सिंधुदुर्गातल्या एका घरी मी पाहिलेल्या रायफलीवर आरएफआयचा (रायफल फॅक्टरी ईशापूरचा) शिक्का स्वच्छ होता, नळी आतून आरशासारखी होती, पण दस्ता कण्हल्यासारखा करकरत होता. चार-पाच पावसाळे ती माळ्यावर गोणपाटात पडून होती. लाकूड फुगले, आटले, पुन्हा फुगले आणि खोबणीत सैल झाले. पुढचे लाकूड ओलीने फुगून नळीला एका बाजूने रेटू लागले की गोळी त्या बाजूने सरकते आणि माणूस दोष काडतुसाला देतो. मुठीपाशी लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावत आहेत का तेही पाहावे. तिरप्या असतील तर पडल्यावर तडा तिथेच जातो. वर्षातून एकदा जवसाचे तेल तळहाताने चोळले तर हेच लाकूड दोन पिढ्या टिकते.

शिकारीसाठी रायफल घेण्याचे कारण मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळजवळ संपवले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही काढून टाकले. हाक्याची आणि मचाणाची भाषा आठवणींत गेली. माझ्या मते ते योग्यच झाले. उरले ते पिके आणि माणसे यांचे नुकसान करणाऱ्या जनावरांपुरते अकरावे कलम. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत परवानगीची वाट २०१५ मध्ये थोडी सुकर करण्यात आली. विदर्भातल्या शेतकऱ्याला ती कितपत उपयोगी पडली हा वेगळा विषय आहे, कारण परवानगी असली तरी बंदूक कुठून आणायची हे वरचे कोडे तसेच राहते.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. मान्यताप्राप्त नेमबाजांना सवलत आहे, इतरांना नाही. त्यामुळे संस्थानी काळात आलेल्या मौझर आणि लंडनच्या दोन-तीन पिढ्या जुन्या रायफलींचे भाव चढले आणि नवीन घेणाऱ्यासमोर ईशापूर उरले. उत्तर भारतातून बातम्यांत येणारा ‘३१५ बोअरचा गावठी कट्टा’ हे याच मक्तेदारीचे दुसरे टोक. नागरिकांना मिळणारे काडतूस तेच, म्हणून बेकायदा कारागीरही नळी त्याच मापाची पाडतो. एका काडतुसाची चोरी टाळण्यासाठी दुसरे पुढे केले आणि चोरी त्याच्यामागे गेली.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. ज्या घरांत बारा बोअर, पिस्तूल आणि वडिलार्जित रायफल होती, तिथे तिसऱ्याचा निरोप घेणे आले. बहुतेक ठिकाणी रायफलच गेली, कारण वापर सर्वांत कमी तिचा. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा ईशापूर एका कंपनीकडे गेले आणि खडकी दुसरीकडे.

आणि ज्या काडतुसापायी हे सगळे झाले ते .३०३? २००८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातात त्याच रायफली होत्या. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. शस्त्र नियमांच्या पहिल्या प्रवर्गात तिचा आकडा अजून ७.६२ च्या आधी लिहिलेला आहे.