ठोकळ्याची रोजची मॅमोग्राफी

‘मशीन डिजिटल आहे, म्हणजे फोटो चांगलाच येणार’ हा समज मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, घातक ठरू शकतो. स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची एक महत्त्वाची खूण म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण, बरेचदा 0.1 ते 0.5 मिमीचे. चाळणी तपासणीला (स्क्रीनिंगला) येणाऱ्या स्त्रीला काहीच त्रास होत नसतो. त्यामुळे असा कण फोटोत हरवला, तर तो हरवला हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

पूर्वीच्या फिल्मवर बिघाड लपत नसे. क्ष-किरण कमी पडले की फिल्म फिकी यायची. डिजिटल यंत्रात संगणक उजेड आपोआप जुळवून घेतो. किरण निम्म्यावर आले तरी चित्र तितकंच उजळ दिसतं, वाढतो तो फक्त दाणेदारपणा.

हा दाणेदारपणा येतो कुठून? पावसाला नुकती सुरुवात झाली की शेजारशेजारच्या दोन फरश्यांवर सारखे थेंब पडत नाहीत. क्ष-किरणांचे फोटॉनही, म्हणजे किरणांचे सुटे ‘थेंब’, असेच पडतात. एका ठिपक्यावर सरासरी 10,000 फोटॉन पडत असतील, तर त्यात साधारण 100 चा चढउतार असतो, म्हणजे 1 टक्का. फोटॉन 2,500 वर आले की चढउतार 50 चा, म्हणजे 2 टक्के. किरण पावपट, गोंगाट दुप्पट. कणामुळे पडणारा फरकच काही टक्क्यांचा असेल, तर तो या गोंगाटात बुडतो. सॉफ्टवेअर किंवा एआय नंतर सगळं साफ करून देईल, या जाहिरातबाजीवर विसंबू नये. जे नोंदलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही, आणि फोटो गुळगुळीत करताना खरा कणही पुसला जाऊ शकतो.

म्हणून रोज सकाळी, पहिल्या तपासणीआधी, अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याचा फोटो काढतात. युरोपीय पद्धतीत तो 45 मिमी जाडीचा असतो. किरण शोषण्याच्या बाबतीत तो सुमारे 53 मिमी जाडीच्या दाबलेल्या स्तनासारखा वागतो. ठोकळा छातीकडच्या कडेला चिकटवून मधोमध ठेवायचा, स्तन दाबणारं पॅडल नेहमीचंच लावायचं आणि एक्स्पोजर ऑटोवर घ्यायचं, म्हणजे किरण किती सोडायचे ते यंत्रालाच ठरवू द्यायचं. मग संस्कार न केलेल्या, कच्च्या प्रतिमेत ठरलेल्या जागी चौकोन आखून सरासरी मूल्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे त्या चौकोनातल्या चढउताराने, भागायचं. समजा 400 ला 8 ने भागून 50 आले. हा आकडा मूळ नोंदीपासून 10 टक्क्यांहून जास्त हलला, तर कारण शोधायचं.

ठोकळा रोज तोच हवा, म्हणून त्यावर क्रमांक घालून ठेवावा. या ऊर्जेला 1 मिमी जास्त जाडी सुमारे 6 ते 7 टक्के किरण खाते. दुसरा ‘45 मिमी’चा ठोकळा किंचित वेगळा निघाला, तरी यंत्र बिघडल्याचा भास होतो.

केवळ हा भागाकार पाहून थांबणं मात्र चूक आहे. एमएएसचा (ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) आकडाही लिहायलाच हवा. क्ष-किरण तयार करणारी ही ट्यूब जुनी झाली की तिच्यातून किरण कमी निघतात. ऑटो एक्स्पोजर मग जास्त वेळ किरण सोडून ती तूट भरून काढतं. ठोकळ्याचा फोटो उत्तम येतो, कारण ठोकळा श्वास घेत नाही. माणसाच्या बाबतीत तेवढ्या वेळात थोडी हालचाल होते आणि बारीक कण पुसट होतात. फोटो चांगले आणि एमएएस महिन्यागणिक वर सरकतोय, हे लक्षण मला सर्वात चिंतेचं वाटतं.

आकड्यांनंतर चित्र नीट न्याहाळायचं. पॅडलवरचा धुळीचा कण फोटोत पांढरा ठिपका होऊन येतो, अगदी कॅल्शियमसारखा. ठोकळा फिरवून पुन्हा फोटो घ्यावा. ठिपका ठोकळ्याबरोबर फिरला तर दोष ठोकळ्यात, जागच्या जागी राहिला तर पॅडलवर किंवा डिटेक्टरमध्ये, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागात. धूळ कॅलिब्रेशनच्या (यंत्राची मोजणी जुळवून घेण्याच्या) वेळीच असली तर गंमत उलटी होते: यंत्र तिची भरपाई करायला शिकतं, आणि धूळ पुसल्यावर त्या जागी काळा डाग उमटत राहतो. तेव्हा आधी पुसणं, मग कॅलिब्रेशन.

पॅडलच्या दाबाचीही अशीच तपासणी हवी. दाबल्याने गाठ पसरते ही भीती निराधार आहे. दाबामुळे जाडी कमी होते, विखुरलेले किरण आणि डोसही घटतात, हालचाल थांबते. पॅडलखाली मऊ पॅडसह वजनकाटा ठेवून तपासावं: मोटरने दिलेला दाब 130 ते 200 न्यूटनमध्ये हवा आणि तो एक मिनिट टिकायला हवा. काटा हळूहळू उतरत असेल तर पॅडल सरकतंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्रावर तपासण्या घेऊ नयेत.