रेंगर-पाट्श, आल्बेर्ट

(२२ जून १८९७ – २७ सप्टेंबर १९६६). जर्मन छायाचित्रकार आणि ‘नव-वस्तुनिष्ठता’ या, वस्तूंचे भावुकता टाळून काटेकोर चित्रण करणाऱ्या, प्रवाहाचा छायाचित्रणातील प्रमुख प्रतिनिधी. जन्म वुर्ट्सबुर्ख येथे. वडील हौशी छायाचित्रकार असल्याने या तंत्राशी त्याचा परिचय घरातच झाला. पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर त्याने ड्रेस्डेन येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२२ च्या सुमारास तो हागेन येथील फोल्कवांग छायाचित्र-संग्रहात काम करू लागला. तेथील वनस्पतीविषयक ग्रंथमालेसाठी त्याने टिपलेल्या ऑर्किड आणि मांसल पानांच्या वनस्पतींच्या निकटचित्रांत त्याची पुढील शैली बीजरूपाने आढळते. स्वतःच्या नावाचे त्याचे पहिले पुस्तक काप्पेनबेर्ख येथील चर्चच्या कोरीव आसनांवरील असून ते १९२५ मध्ये निघाले.

त्याची कीर्ती मुख्यतः ‘डी वेल्ट इस्ट श्योन’ (जग सुंदर आहे, १९२८) या शंभर छायाचित्रांच्या ग्रंथावर उभी आहे. म्यूनिकच्या कुर्ट वोल्फ या संस्थेने प्रकाशित केलेल्या या ग्रंथाला ल्युबेक येथील संग्रहालयाचा संचालक कार्ल गेओर्ग हाइझे याची प्रस्तावना आहे. ग्रंथाचे शीर्षक मात्र वादाचे मूळ ठरले. रेंगर-पाट्शला ‘डी डिंगे’, म्हणजे केवळ ‘वस्तू’, हे नाव हवे होते आणि प्रचलित शीर्षक प्रकाशकाच्या पसंतीचे होते, असे सामान्यतः मानले जाते. कादंबरीकार टोमास मानने ग्रंथाची प्रशंसा केली. याउलट समीक्षक व विचारवंत वाल्टर बेन्यामिनने १९३१ मधील निबंधात या शीर्षकालाच एका वृत्तीचे ब्रीद ठरवले. असे छायाचित्रण कोणत्याही वस्तूला भव्यता देऊ शकते, परंतु ती ज्या मानवी संबंधांत वावरते ते त्याच्या पकडीत येत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप गंभीर आहे. तथापि तो छायाचित्रांपेक्षा शीर्षकालाच अधिक लागू पडतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सापाच्या खवल्यांची वेटोळी किंवा आल्फेल्ट येथील फागुस कारखान्यातील बूटनिर्मितीच्या इस्त्र्यांची रांग यांत सौंदर्याचा उद्घोष नाही. आहे तो पृष्ठभाग, पोत आणि आकारांची पुनरावृत्ती यांचा काटेकोर शोध. १९२७ मध्ये एका छायाचित्रण-वार्षिकातील लेखात रेंगर-पाट्शने छायाचित्रणाने चित्रकलेचे अनुकरण न करता स्वतःच्या साधनांवर विसंबावे असे प्रतिपादले होते. त्याच वार्षिकात मोहोली-नॉज या प्रयोगवादी कलावंताचाही लेख असल्याने आधुनिक छायाचित्रणातील दोन भिन्न दिशा तेथे शेजारी-शेजारी दिसतात.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस तो एसेनला स्थायिक झाला. रूर या औद्योगिक खोऱ्यातील खाणी, राखेचे ढीग आणि शहराच्या कडेची उजाड शेते यांची त्याने घेतलेली छायाचित्रे अलीकडे अधिक मोलाची मानली जातात. ‘आयझन उंड श्टाल’ (लोखंड व पोलाद, १९३१) हा ग्रंथ त्याच काळातला. १९३३ मध्ये त्याने एसेनच्या फोल्कवांग या कलाविद्यालयात अल्पकाळ अध्यापन केले. १९४४ मधील बाँबहल्ल्यात त्याच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाल्यावर तो झोएस्टजवळील वामेल या गावी राहू लागला. वृक्षांवरील (१९६२) आणि खडकांवरील (१९६६) त्याच्या उत्तरकालीन ग्रंथांना लेखक एर्न्स्ट युंगरचे निबंध जोडलेले आहेत. वामेल येथे त्याचे निधन झाले.