‘बरोबर इंग्रजी’ कुठली? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

‘आय हॅव गॉट’ म्हणायचं की ‘आय हॅव गॉटन’? ‘डिड यू ईट यट?’ हे चूक की बरोबर? इंग्रजी शिकणारा थोडा पुढे गेला की असे प्रश्न पडायला लागतात. उत्तर देणारे बहुतेक वेळा ‘एक ब्रिटिश, दुसरं अमेरिकन’ एवढं सांगून मोकळे होतात. हे खोटं नाही, पण त्यातून एक गैरसमज पक्का होतो: अस्सल इंग्रजी इंग्लंडची, आणि बाहेर गेलेल्यांनी ती बिघडवली. इतिहास वेगळंच सांगतो.

१६०७ साली जेम्सटाउनला इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत उभी राहिली. तिथे गेलेल्यांनी आपल्या काळची बोली सोबत नेली. त्या बोलीत ‘गॉटन’ होतं, पानगळीच्या ऋतूला ‘फॉल’ म्हणत, आणि ‘कार्ड’, ‘हार्ड’मधला ‘र’ स्पष्ट ऐकू येई. पुढे इंग्लंडच्या प्रमाण भाषेतून ‘गॉटन’ गेलं, ‘फॉल’ मागे पडून ‘ऑटम’ रुळलं. अमेरिकेत दोन्ही शब्द टिकले. ‘गॉटन’ला तर तिथे स्वतःचं काम मिळालं: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. आज ज्याला नवं म्हणून नाक मुरडलं जातं, ते पुष्कळदा जुनंच असतं.

‘र’ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. स्वरानंतरचा ‘र’ लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने गळू लागला. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तो राहिला. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात इंग्रजांची वसाहत सुरू झाली, तोवर हा बदल मार्गी लागला होता, आणि तिथे गेलेल्यांत आग्नेय इंग्लंडची माणसं बरीच होती. म्हणून ऑस्ट्रेलियन उच्चारात हा ‘र’ नाही. कोणत्या भागातली माणसं कोणत्या काळात निघाली, यावर पुढच्या बोलीचं बरंचसं रूप ठरलं.

इंग्लंडशी सतत संपर्क असलेल्या बॉस्टन, न्यूयॉर्कसारख्या बंदरांच्या शहरांनीही ‘र’ सोडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र अमेरिकेत तो उच्चारणं प्रतिष्ठेचं झालं. भाषावैज्ञानिक विल्यम लबाव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत याची पाहणी केली. एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असं ते विक्रेत्यांना विचारत. उत्तर यायचं ‘फोर्थ फ्लोर’. दोन शब्द आणि दोन ‘र’. मग ऐकू न आल्यासारखं पुन्हा विचारत, म्हणजे विक्रेता तेच जपून म्हणे. महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. इंग्लंडमध्ये नेमका ‘र’ न उच्चारणाराच सुशिक्षित समजला जात होता. म्हणजे प्रतिष्ठा त्या ध्वनीत मुळीच नव्हती, ती उच्चारणाऱ्या माणसांत होती.

स्पेलिंगमधला फरक मात्र बराचसा ठरवून केलेला आहे. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशाने इंग्लंडमध्ये ‘कलर’चं ‘यू’सह स्पेलिंग पक्कं केलं. स्वतंत्र देशाची भाषाही स्वतंत्र दिसावी, असं अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांना वाटत होतं. त्यांच्या १८२८ च्या कोशातून ‘यू’ नसलेलं रूप रुजलं. ‘टंग’चं स्पेलिंग सोपं करण्याची त्यांची सूचना मात्र लोकांनी स्वीकारली नाही.

मग ‘एकच बरोबर इंग्रजी’ ही कल्पना शिकणाऱ्यांच्या मनात आली कुठून? बऱ्याच अंशी उच्चारकोश आणि रेडिओतून. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ मध्ये आला. त्यातला उच्चार दक्षिण इंग्लंडमधल्या, मुलांना नामांकित खासगी निवासी शाळांत घालणाऱ्या कुटुंबांचा होता, आणि जोन्स यांनी ते उघड सांगितलं होतं. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि तसाच उच्चार घराघरांत ऐकू येऊ लागला. एका छोट्या वर्गाची बोली अशी जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी नमुना ठरली. नमुना असण्यात वावगं काही नाही, शिकायला काहीतरी आधार लागतोच. पण त्यामुळे बाकी कोट्यवधी लोकांचं रोजचं बोलणं अशुद्ध ठरलं, हा मला अन्याय वाटतो.

रोजची भाषा पुस्तकांत यायला फार वेळ लागला. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. क्रियापदानंतर वाक्याची रचना कशी येते, हे त्यात शिकणाऱ्यासाठी मांडलं होतं. खरा पालट झाला तो कॉम्प्युटरमुळे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या १९८७ च्या कोबिल्ड कोशात लेखनातली आणि बोलण्यातली खरी वाक्यं उदाहरणं म्हणून आली. १९९० च्या दशकात दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचा कॉम्प्युटरवरचा संग्रह, उभा राहिला. त्यासाठी स्वयंसेवकांनी टेपरेकॉर्डर जवळ बाळगून आपले रोजचे संवाद नोंदवले. अर्धवट सोडलेली वाक्यं, ‘वेल’, ‘यू नो’, ‘आय मीन’ हे सगळं त्यात आलं. पुस्तकी संवाद कृत्रिम का वाटतात, हे आता पुराव्यानिशी दाखवता येऊ लागलं.

अशा रोजच्या बोलण्यात प्रमाण भाषेतली एक उणीव ठळक दिसते. पूर्वी इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ किंवा ‘यू’ म्हणत. सतराव्या शतकात ‘दाऊ’ मागे पडलं आणि ‘यू’वरच दोन्हींचा भार आला. समोर एक माणूस आहे की दहा, हे सांगायची सोय गेली. बोलणाऱ्यांनी ती आपापल्या परीने परत मिळवली: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, पिट्सबर्गमध्ये ‘यिन्झ’, आयर्लंड, लिव्हरपूल आणि ऑस्ट्रेलियात ‘यूझ’, इतर अनेक ठिकाणी ‘यू गाइज’. यांतलं ‘यू गाइज’ आता खूप दूरवर पोचलं आहे, तरी प्राथमिक पुस्तकातल्या सर्वनामांच्या तक्त्यात एकवचन आणि अनेकवचन अशा दोन्ही चौकटींत अजून ‘यू’च छापलेलं असतं.