नवा कोच, जुने अकरा

सलग पाच सामन्यांत विजय मिळाला नाही की सांगली-मिरजेत फुटबॉल मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एकच विषय उरतो: कोच बदला. बऱ्याचदा तो बदलतोही, आणि पुढच्या दोन-तीन सामन्यांत संघ खरोखरच जिंकू लागतो. खेळाडू तेच, मैदान तेच, बूटही तेच. मग नव्या माणसाने केले काय? यातला बराचसा भाग आकडेमोडीचा आहे. उरलेला भाग खरा आहे, आणि तो कोच न बदलताही मिळवता येतो.

आधी आकडेमोड. समजा एक मध्यम ताकदीचा संघ आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ३० टक्के, बरोबरीची ३० आणि हरण्याची ४०. ही ताकद संपूर्ण हंगामात तसूभरही बदलत नाही असे धरू. १८ सामन्यांच्या हंगामात अशा संघावर कधी ना कधी सलग पाच सामने विजयाविना जाण्याची वेळ येण्याची शक्यता किती? गणित केले तर उत्तर सुमारे ६९ टक्के येते. म्हणजे असे दहा संघ घेतले तर त्यातल्या सातांवर कोणाचीही चूक नसताना ही पाळी येणार. त्या पाच सामन्यांत संघाला (विजयाला तीन, बरोबरीला एक या हिशेबाने) सरासरी दोनच गुण मिळतात. पुढच्या पाचांत मात्र त्याच ताकदीवर सरासरी सहा मिळतात. मधल्या काळात कोच बदलला असेल तर फुलांचे हार नव्या कोचच्या गळ्यात पडतात.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून ते दाखवले होते. फुटबॉलमध्ये ते तपासायचे तर तितक्याच वाईट अवस्थेत असूनही कोच न बदललेले संघ शोधावे लागतात. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील सामने घेऊन नेमके हेच केले. कोच बदललेले संघ सावरले. न बदललेले संघही जवळपास त्याच वेगाने सावरले.

तरीही सगळेच श्रेय नशिबाला देणे घाईचे होईल. इंग्लंडच्या लेस्टर सिटीचे उदाहरण घ्या. २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ पुढच्या हंगामात सलग पाच लीग सामने हरला. २०१७ साल उजाडल्यापासून त्यांचा लीगमध्ये एकही गोल नव्हता. २३ फेब्रुवारीला कोच क्लाउदिओ रानिएरी यांना काढले आणि त्यांचेच सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे संघ सोपवला. चारच दिवसांनी लेस्टरने लिव्हरपूलला ३-१ ने हरवले, आणि त्यानंतरचे चार लीग सामनेही जिंकले. नवा खेळाडू आला नव्हता. त्या हंगामात बदलत राहिलेली रचना सोडून संघ विजेतेपदाच्या वर्षातल्या ४-४-२ कडे (चार बॅक म्हणजे बचाव करणारे, चार हाफ म्हणजे मधल्या फळीतले, दोन पुढे) परतला होता: दोन घट्ट ओळी, चेंडू मिळताच फॉरवर्ड जेमी वार्डीच्या पुढच्या मोकळ्या जागेत पास. पाच विजयांत नशीब किती आणि मांडणी किती हे वेगळे काढता येत नाही, पण साधी मांडणी का चालते याची कारणे मात्र नीट माहीत आहेत.

पहिले कारण मेंदूतले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले की समोरचे पर्याय वाढले की प्रतिक्रियेचा वेळही वाढतो, आणि पर्याय दुप्पट झाले की दर वेळी साधारण सारखीच भर पडते. प्रयोगशाळेत ही भर सुमारे ०.१५ सेकंदाची असते. दोन पर्यायांचे आठ झाले तर ०.३ सेकंद गेले. सेकंदाला सात मीटर धावणारा प्रतिस्पर्धी तेवढ्यात दोन मीटर जवळ येतो. चेंडू पायात असलेल्या हाफच्या दृष्टीने हे दोन मीटर म्हणजे पास निघणे आणि चेंडू हिसकावला जाणे यातला फरक. हरत असलेल्या संघात हे आणखी बिघडते. एरवी आपोआप होणाऱ्या हालचालींवर खेळाडू लक्ष ठेवू लागतो, पाय कसा ठेवला, शरीर कुठे वळवले याचा विचार करू लागतो आणि सरावाने बसलेली सहजता मोडते. त्याच वेळी बाहेरून कोच नववी सूचना ओरडत असतो.

दुसरे कारण मैदानातले, आणि आपल्याकडे ते जास्त लागू पडते. सांगली-मिरजेच्या काळ्या मातीची मैदाने उन्हाळ्यात टणक होऊन भेगाळतात आणि पावसात चिखल धरतात. चेंडू कधी उसळेल, कधी थांबेल याचा भरवसा नसतो. अशा जमिनीवर एक पास नीट पोहोचण्याची शक्यता ८५ टक्के धरली तर सलग सहा पास पोहोचण्याची शक्यता ३८ टक्क्यांवर येते. तीनच पास लागत असतील तर ती ६१ टक्के असते. सपाट हिरवळीवर एक पास ९२ टक्के पोहोचत असेल तर सहा पासांची साखळीही ६१ टक्के वेळा पूर्ण होते. टीव्हीवर युरोपातला गोली दोन बॅकना छोटे पास देत खेळ उभारतो, ते त्या हिरवळीचे गणित आहे. तेच इथे उतरवायला गेले तर साखळी आपल्याच गोलसमोर तुटते. कोचच्या हौसेपायी खाल्लेले गोल बहुधा याच जातीचे असतात.

तिसरे कारण अंतरांचे. पूर्ण आकाराचे मैदान ६८ मीटर रुंद असते. चार बॅक कडेपासून कडेपर्यंत पसरले तर एकेकाच्या वाट्याला १७ मीटर येतात, आणि तेवढी जागा कोणीही राखू शकत नाही. म्हणून चौघांनी चेंडूच्या बाजूला सरकून २५ ते ३० मीटरांत राहायचे, शेजाऱ्यापासून ८ ते १० मीटरवर. पलीकडची कड सरळ सोडून द्यायची. प्रतिस्पर्ध्याने तिकडे ४० मीटरचा उंच पास मारला तरी चेंडू हवेत अडीच-तीन सेकंद असतो आणि खडबडीत जमिनीवर तो आवरायला आणखी एक सेकंद जातो. तेवढ्यात ओळ १५ मीटर सहज सरकते. हाफची ओळ बॅकच्या पुढे १० ते १२ मीटरवर हवी. इटालियन कोच अरिगो साक्की यांच्या एसी मिलान संघाने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले, ते मुख्यतः ओळींमधली ही अंतरे सांभाळूनच. साक्की चेंडूशिवाय सराव घेत. चेंडू कुठे आहे ते ते नुसते सांगायचे आणि अकराही जण त्याप्रमाणे सरकायचे.

हाच सराव गावातल्या संघाला फुकटात करता येतो. मैदान आधी पावलांनी मोजून घ्या, कारण बरीच मैदाने पूर्ण आकाराची नसतात आणि मग अंतरेही त्या प्रमाणात कमी करावी लागतात. दर दहा मीटरवर फक्कीची आडवी रेघ मारा. बॅक एका रेघेवर असतील तर हाफ पुढच्या रेघेच्या आसपास हवेत, हे कोणालाही दिसते आणि त्यासाठी ओरडावे लागत नाही. ७५ मिनिटांच्या सत्रात १५ मिनिटे अंग मोकळे करणे, २० मिनिटे चेंडूशिवाय सरकणे, २५ मिनिटे अर्ध्या मैदानात आठास आठ आणि उरलेली १५ कॉर्नर व फ्रीकिकना. शेवटची पंधरा मिनिटे कापू नयेत. २०१८ च्या विश्वचषकातल्या १६९ गोलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक गोल कॉर्नर, फ्रीकिक, पेनल्टी अशा थांबलेल्या चेंडूवरून आले होते. दुबळ्या संघाला गोल मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

सूचना तीनच. चेंडू गेला की सर्वांत जवळचा एकच जण अंगावर जाईल, बाकीचे आधी मधल्या पट्ट्यात येतील. आपल्या गोलजवळ चेंडू मिळाला तर तो मधून न देता कडेने पुढे. क्रॉस येताना एक जण पहिल्या पोस्टला, एक दुसऱ्या पोस्टला, एक पेनल्टीच्या ठिपक्याजवळ. दाब टाकायचा, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर जायचे, ते कुठून हे ऊन ठरवते. एप्रिलमध्ये सांगलीत पारा ३८-४० अंशांवर असताना दुपारी चारच्या सामन्यात समोरच्यांच्या गोलपासून दाब टाकणारा संघ उत्तरार्धात कोलमडतो. मध्यरेषेपासून सुरुवात केलेली बरी.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. बॅक घाबरून मागे सरकतात, हाफ पुढेच राहतात आणि मध्ये २५ मीटरची पोकळी पडते. डोक्याने परतवलेला चेंडू त्या पोकळीत पडतो, तो दर वेळी प्रतिस्पर्ध्याला मिळतो आणि लोक म्हणतात, बॅक कच्चे आहेत. खरे तर दोन ओळींमधले अंतर बिघडलेले असते. यावर उपाय असा की चेंडू मागे पास झाला किंवा आपल्याकडून लांब मारला गेला की स्टॉपरने (मधल्या बॅकने) हाक द्यायची आणि चौघांनी पाच-सहा मीटर वर यायचे. दुसरा बिघाड म्हणजे साधे खेळणे म्हणजे डोळे मिटून चेंडू भिरकावणे, असा समज. पुढे जवळपास आपले दोन खेळाडू नसतील तर असा चेंडू चार-पाच सेकंदांत परत येतो आणि बॅकना श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. नव्या कोचची तिसरी सवय जाता जाता सांगायला हवी: पहिल्याच आठवड्यात शिक्षा म्हणून जादा धावायला लावणे. त्यातून मांडीचे मागचे स्नायू दुखावतात, बाकी काही साधत नाही.

सुधारणा खरी की आकड्यांची लहर, हे निकालावरून लवकर कळत नाही. पाच सामन्यांत सहा गोल खाल्ले असतील तर त्या आकड्यात नुसत्या योगायोगानेच ४० टक्क्यांचा चढउतार होऊ शकतो. तेवढ्याच सामन्यांत गोलवर साठ फटके आले असतील तर हा चढउतार १३ टक्क्यांवर येतो. म्हणून राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हातात वही द्यावी आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येक फटका पेनल्टी क्षेत्राच्या आतून की बाहेरून, एवढेच लिहायला सांगावे. संघ जिंकतोय पण समोरच्यांचे आतून येणारे फटके कमी झाले नाहीत, तर ते विजय उसने आहेत. हरतोय पण ते फटके निम्म्यावर आलेत, तर मांडणीला हात लावू नये.

साध्या मांडणीचे आयुष्यही मर्यादित असते. समोरचे संघ ती पाहतात आणि वार्डीच्या पुढची मोकळी जागा बुजवतात. पुढच्या हंगामात पहिल्या आठ लीग सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर, ऑक्टोबर २०१७ मध्ये, लेस्टरने शेक्सपियर यांनाही काढले. पाच-सहा सामन्यांनंतर वहीतले आपले आतले फटके घटू लागले की एक आणि एकच नवी गोष्ट जोडावी. उदाहरणार्थ, उजव्या विंगरने (कडेच्या हाफने) कड सोडून आत यायचे आणि त्याच्या मागून बॅकने कडेने धावायचे. ती अंगवळणी पडायला दोन आठवडे जातात. तोवर डावी बाजू होती तशीच राहू द्यावी.