टीव्हीमागचा लाल उजेड

नवा साउंडबार आणला, की टीव्ही भिंतीपासून ओढून मागे टॉर्च मारावा लागतो. इवल्याशा झडपेचं चौकोनी सॉकेट म्हणजे ऑप्टिकल, चपटी ती एचडीएमआय. जुन्या डीव्हीडी प्लेअरला शिवाय 'कोॲक्सिअल' लिहिलेलं एक गोल सॉकेट असतं. दुकानात विचारलं तर सोनेरी पिनांची महागडी वायर पुढे येते. पण मुळात सॉकेट तीन का, हे कुणी सांगत नाही.

गोष्ट सीडीपासून सुरू होते. सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये 1 ऑक्टोबर 1982 ला विक्रीला आला. सीडीवर गाणं आकड्यांच्या रूपात असतं. ते आकडे जसेच्या तसे दुसऱ्या यंत्राला द्यायचे, तर त्यासाठी रीत हवी. सोनी आणि फिलिप्सने ती ठरवली: एसपीडीआयएफ. ते गोल कोॲक्सिअल सॉकेट याचंच. वायर साधी, 75 ओहमची. जुन्या व्हिडिओची पिवळ्या पिनेची वायरही तेवढ्याच ओहमची, म्हणून ती इथे बिनबोभाट चालते. माझ्याकडे कित्येक वर्षं तीच होती.

तोशिबाने 1983 मध्ये तेच आकडे उजेडातून पाठवले. ऑप्टिकल वायरीचं एक टोक चालू टीव्हीत खोचा आणि दुसरं तळहातावर धरा, लाल ठिपका दिसतो. आत जेमतेम एक मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा धागा. काटकोनात मुडपला तर उजेड गळतो, आणि फार लांबवरही तो पोचत नाही. पण दोन यंत्रांमध्ये वीज जोडलीच जात नसल्याने अर्थिंगच्या घोळातली ती 'हंऽऽ' गुणगुण या वाटेने येत नाही.

पुढे भांडण झालं, ते मात्र आवाजाच्या दर्जाचं नव्हतंच. 1987 मध्ये डॅट, म्हणजे आकड्यांत रेकॉर्ड करणारी डिजिटल टेप आली आणि रेकॉर्ड कंपन्यांची झोप उडाली, कारण आता नक्कल हुबेहूब होणार! अमेरिकेत 1992 मध्ये कायदाच झाला: घरगुती डिजिटल रेकॉर्डरने मूळ सीडीची नक्कल करावी, नकलेची नक्कल करू नये. त्यासाठीची खूण याच वायरीतून, गाण्यासोबत जायची. 1999 मध्ये एसएसीडी, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाची तबकडी आली तेव्हा तिचा पूर्ण दर्जा या जुन्या सॉकेटांतून बाहेर काढायला मनाईच होती. मग पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी सहा ॲनालॉग वायरींचं जंजाळ.

डिसेंबर 2002 मध्ये आलेल्या एचडीएमआयमध्ये चित्र, आवाज आणि कंपन्यांना हवं असलेलं नक्कल रोखणारं कुलूप, तिन्ही एकत्र. तरी टीव्हीचा आवाज उलट साउंडबारकडे आणायची सोय, म्हणजे एआरसी, 2009 मध्ये मिळाली. तिचीच सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, 2017 मधली.

म्हणून बातम्या आणि मालिकांपुरती ऑप्टिकल पुष्कळ झाली. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, हवा असेल तर ती निरुपयोगी, एचडीएमआयच लागते. फक्त लेबल वाचून खोचा. टीव्हीला तीन एचडीएमआय असल्या तरी 'एआरसी' बहुधा एकीवरच लिहिलेलं असतं. बाकी दोन्हींत कितीही भारी वायर खुपसली तरी साउंडबार गप्पच.